धनंजयराव गाडगीळ आणि उसाचा भाव

काजूचा हंगाम आला की आपल्या पेडणे-डिचोलीत एकच विचारणा असते, यंदा बियांना दर किती? डोंगरात फिरून बिया आपण गोळा करायच्या, दर मात्र दुसऱ्याने सांगायचा. आफ्रिकेतून कच्च्या बिया आल्या की कारखानदाराची नड भागते आणि आपला दर उतरतो. उसाच्या बाबतीत हाच प्रश्न ज्यांनी हाती घेतला, ते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ.

जन्म १० एप्रिल १९०१, नाशिकचा. केंब्रिजचे शिक्षण, १९३० पासून पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालकपद, हे अनेकांना ठाऊक असेल. मला त्यांचे मोठेपण दिसते ते नगर जिल्ह्यातल्या लोणीत. प्रवरेच्या कालव्यावर ऊस पिकत होता. पण गूळ करून नेला तर भाव अडत्याच्या हाती, खासगी कारखान्याला ऊस घातला तर मालकाच्या हाती! विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर्स जमवले, गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले, मंत्री वैकुंठभाई मेहतांनी पाठबळ दिले आणि १९५०-५१ च्या हंगामात सहकारी कारखान्याचे पहिले गाळप झाले.

तिथे भाव ठरवण्याची रीतच बदलली. शेतकरीच मालक, मग घासाघीस कुणाशी करणार? ऊस घातल्यावर पहिली उचल मिळे. साखर विकल्यावर खर्च, कर्जाचे हप्ते आणि ठेवी वजा करून उरलेली रक्कम टनामागे वाटली जाई. खरी गोम इथेच आहे. जास्त वाटले तर कर्ज फिटत नाही, कमी वाटले तर सभासद रुसतो. म्हणून हिशेब सर्वांना दिसेल असा हवा, आणि तो मांडायला गाडगीळांसारखा माणूस लाभला. पुढे सहकारात राजकारण शिरले, हेही खरे.

१९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत वाटण्याचे सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९७१ मध्ये पद सोडून दिल्लीहून पुण्याला परतताना, ३ मे रोजी, प्रवासातच त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे धारबांदोड्याचा संजीवनी कारखानाही सहकारीच. गेली काही वर्षे तो बंद आहे. काजूच्या खरेदीत गोवा बागायतदारचा दर बाजारात पाहिला जातो, हा एक आधार. बिया फोडणारे कारखाने मात्र बहुतेक खासगीच आहेत.