गेलेला आवाज आणि रोजचा रियाज

रमजानचा चाँद दिसला की पहिल्या तरावीहला मशिदीत पाय ठेवायला जागा नसते. आठ-दहा रोजे झाले की मागच्या सफा विरळ होऊ लागतात. सत्ताविसाव्या रात्री पुन्हा गर्दी होते. उत्साहाच्या भरात एखादे काम सुरू करणे सोपे असते. कोणी पाहत नसताना, मन लागत नसताना ते रोज करीत राहणे अवघड. आपल्या कोल्हापुरात जवळपास तीन दशके राहिलेल्या एका माणसाने हे अवघड काम जन्मभर केले. त्यांचे नाव खाँसाहेब अल्लादियाखाँ.

रमजानच्या पानावर गवयाची कहाणी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. संगीताबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्याचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. खाँसाहेब स्वतः नमाजी होते, एवढे मात्र त्यांच्या सहवासातल्या लोकांनी सांगून ठेवले आहे. मला त्यांच्या आयुष्यातून घ्यायचा आहे तो सबर, आणि हाती उरलेल्या गोष्टीतून रोज काही नवे घडवण्याची चिकाटी.

खाँसाहेबांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातल्या उनियारा या लहानशा संस्थानात झाला. मूळ नाव गुलाम अहमद. आधीची मुले जगली नव्हती. हे मूल अल्लाहने दिले म्हणून घरात अल्लादिया हे नाव रूढ झाले. वडील अहमदखाँ दरबारी गवई होते, पण मुलगा हाताशी येण्याआधीच ते गेले. मग चुलते जहांगीरखाँ यांनी जयपुरात त्याला शिकवायला घेतले. आधी धृपद-धमार, नंतर ख्याल. वर्षानुवर्षे तेच पलटे, तेच स्वर. महाराजा रामसिंगांच्या काळातले जयपूर म्हणजे गुणीजनांचे माहेरघर. तिथे या तरुणाला मोठमोठ्या गवयांचे गाणे ऐकायला मिळाले. मुबारक अलीखाँ यांच्या वळणावळणाच्या, पेचदार तानांनी तर त्याच्या मनात घर केले.

तालीम पुरी झाली. आवाज गोड, भरदार आणि तिन्ही सप्तकांत फिरणारा. दरबारांतून बोलावणी येऊ लागली. याच काळात ते माळव्यातल्या आमलेटा या छोट्या संस्थानात गेले. तिथल्या राजांना त्यांचे गाणे इतके आवडले, की दिवसामागून दिवस तासन्‌तास गावे लागे. आश्रयदात्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती. गळ्यावर ताण पडत गेला आणि शेवटी आवाज बसला. तो काही दिवसांत सुटला नाही. दीर्घ काळ तो बंदच राहिला, आणि पुढे परतला तेव्हा पूर्वीचा राहिला नव्हता. ती झळाळी आणि तो गोडवा कायमचा गेला होता.

सुताराचा हात जावा किंवा पैलवानाचा गुडघा जावा, तसेच हे होते. ज्या गुणावर नाव झाले, पोट भरले, घराण्याची इभ्रत उभी राहिली, तोच गेला. अशा वेळी माणूस दोन रस्त्यांपैकी एक धरतो. एक तर जुन्या दिवसांच्या आठवणी काढीत कुढत बसतो, नाहीतर पूर्वीसारखेच करून दाखवण्याच्या हट्टाने उरलेलेही घालवून बसतो. अल्लादियाखाँ यांनी तिसरा रस्ता शोधला. जो आवाज उरला आहे त्याला काय साधेल, याचा ते रोज शोध घेऊ लागले.

आवाजाच्या गोडव्यावर विसंबता येत नव्हते, म्हणून त्यांनी स्वर आणि लय यांच्या विणकामावर भर दिला. जातिवंत विणकर साध्या सुतातून नक्षी काढतो, तसे ते गाणे होते. खुला आकार, लांब दमसास, तालाच्या प्रत्येक मात्रेशी नाते ठेवून पुढे सरकणारा स्वर, आणि सरळ वर-खाली न धावता वळणे घेत समेवर येणारी तान. तरुणपणी ऐकलेल्या मुबारक अलीखाँच्या ताना आता उपयोगी पडल्या. पण त्यांची नक्कल न करता खाँसाहेबांनी त्या आपल्या बदललेल्या गळ्याला मानवतील अशा घडवल्या. जोडीला त्यांनी अनवट राग हाताळले. दोन रागांचे रंग एकत्र आणणारे जोडराग बांधेसूदपणे मांडले. आज ज्याला आपण जयपूर-अत्रौली घराणे म्हणतो, त्या गायकीचा पाया असा घातला गेला. जगभर नावाजलेल्या या गायकीच्या मुळाशी एका गवयाचा बिघडलेला गळा आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

हे काही एका रात्रीत झाले नाही. एखादी तान बसेपर्यंत ती किती सकाळी घोटली गेली असेल, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. रियाजाला टाळ्या वाजवणारे कोणी नसते. तिथे माणूस असतो आणि त्याचे अपुरेपण असते. त्या अपुरेपणाशी रोज थोडी थोडी मैत्री करीत गेले, तरच त्यातून काही घडते.

पुढे धाकटे भाऊ हैदरखाँ यांच्यासह गुजरात-मुंबई करीत खाँसाहेब कोल्हापूरला आले आणि राजर्षी शाहू महाराजांचे दरबारी गवई झाले. १९०६ साली मुस्लिम समाजाच्या शिक्षणाची संस्था उभी करून मुलांसाठी बोर्डिंगची सोय करणारे महाराज गुणाची कदर करताना जात-धर्म पाहत नव्हते. त्यांच्या आश्रयाने खाँसाहेबांना स्वस्थता मिळाली. आमलेट्यात आश्रयदात्याच्या प्रेमानेच गळा घालवला होता. कोल्हापुरात त्याच गळ्याला विसावा मिळाला आणि नवी गायकी रुजली, फुलली. भास्करबुवा बखले यांच्यासारखा तयार गवई त्यांच्याकडे शिकायला आला. गोविंदराव टेंबे त्यांच्या सहवासात राहिले आणि पुढे त्यांनीच खाँसाहेबांचे चरित्र लिहिले.

सांगलीतली एक हकिकत संगीताच्या जगात नेहमी सांगितली जाते. खाँसाहेब औषधोपचारासाठी तिथे राहिले होते. जाता-येता एका घरातून कोवळ्या मुलीच्या रियाजाचा आवाज कानावर येई. ती मुलगी म्हणजे गोव्यातल्या कुर्डी गावची मोगूबाई. आई गेलेली, आधार तुटलेला, तरी तिने गाणे सोडले नव्हते. खाँसाहेब आपण होऊन तिच्या दारात गेले आणि तिला शिकवू लागले. ज्याने स्वतः एकट्याने रियाज केला आहे, त्यालाच भिंतीआडच्या एकट्या रियाजाची किंमत कळते. याच मोगूबाईंच्या पोटी किशोरी आमोणकर जन्मल्या.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. खाँसाहेबांचे वय तेव्हा ६६ होते. या वयात आश्रय सुटला. माणसे निवृत्तीच्या गोष्टी करतात त्या वयात ते मुंबईला गेले आणि नव्या जोमाने शिकवू लागले. केरीच्या केसरबाई केरकरांना त्यांनी अनेक वर्षे जी कठोर तालीम दिली, तिचा मोठा भाग याच काळातला. १९३७ साली मुलगा मंजीखाँ ऐन भरात असताना गेला. बापाच्या खांद्यावर याहून जड ओझे नसते. तरी शिकवणे थांबले नाही. मंजीखाँच्या मागे दुसरा मुलगा भुर्जीखाँ यांनी ही विद्या पुढे नेली. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर या दोघा भावांकडे शिकले, आणि कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी भुर्जीखाँकडे. म्हातारपणी खाँसाहेबांनी नातू अझीझुद्दीन यांना जवळ बसवून आपल्या आयुष्याची हकिकत उर्दूत सांगितली. १६ मार्च १९४६ रोजी, वयाची नव्वदी पार केल्यावर, मुंबईत त्यांचा इंतकाल झाला.

त्यांच्या स्वतःच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. गेलेला आवाज कसा होता आणि उरलेला कसा होता, हे आता कोणालाच ऐकता येणार नाही. पण केसरबाईंच्या भैरवीचे एक ध्वनिमुद्रण १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेले. गुरूचा गळा बसला होता. शिष्येचा सूर ताऱ्यांच्या दिशेने निघाला.

आपण सारे काही अल्लादियाखाँ नाही. पण काही ना काही आपलेही गेलेले असते. कोणाची नोकरी, कोणाची तब्येत, कोणाचे जिवाभावाचे माणूस. अशा वेळी हातांना काहीतरी घडवायला दिले, तर मनाला पुन्हा उभे राहायला जागा मिळते. आपल्या आज्या-नान्यांना हे ठाऊक होते. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवताना त्या ठिगळांचे रंग जुळवीत. ईदच्या आधी घराघरांत हाताने शेवया वळल्या जात आणि त्या केसासारख्या बारीक वळणाऱ्या बाईचे मोहल्ल्यात नाव होई. त्याला कोणी कला म्हणत नसे. पण दिवसभराच्या कष्टांनंतर त्यांना तिथेच निवांतपणा मिळे. कोणी कागदावर बिस्मिल्लाहची अक्षरे वळणदार काढावीत, कोणी रोज एक आयत तजवीदसह म्हणायला शिकावी, कोणी परसात चार झाडे लावावीत. काम लहान असले तरी चालेल. ते रोजचे असावे आणि आपल्याला जमेल तसे असावे.

थोडे का असेना, पण नित्यनेमाने केलेले काम अल्लाहला अधिक प्रिय आहे, ही हजरत पैगंबर (स.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. रमजान आपल्याला महिनाभर तेच शिकवतो: ठरल्या वेळी उठणे, ठरल्या वेळी थांबणे, आणि काल जमले नसेल ते आज पुन्हा करून पाहणे. ईदचा चाँद दिसला म्हणून ही सवय सोडून द्यायची नसते. मधल्या दिवसांतली ती विरळ सफ जो धरून राहतो, त्याचाच रियाज पुरा होतो. जे गेले त्यावर सबर आणि जे उरले आहे त्याचे चीज करण्याची ताकद अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.