वली दखनी : सुरतेवर जीव जडवणारा शायर आणि त्याचा सखा

मराठी माणसाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० मधील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांमुळे. या दोन स्वाऱ्यांच्या मधल्या काळात, १६६७ च्या सुमारास, औरंगाबादेत जन्मलेल्या वली मुहम्मद यांनी पुढे याच शहरावर जीव जडवला. उर्दू काव्याचा इतिहास त्यांना वली दखनी म्हणून ओळखतो. गुजरातमधील अभ्यासक त्यांना वली गुजराती म्हणतात.

अहमदाबादेत शाह वजीहुद्दीन यांच्या परंपरेतील मदरशात त्यांचे शिक्षण झाले. सुरतेच्या स्तुतिपर त्यांनी एक मसनवी रचली. तापीकाठचे गजबजलेले बंदर, अग्निपूजक पारशी, टोपीवाले फिरंगी आणि सुंदर माणसांची वर्दळ असे वैभव तीत उतरले आहे. त्यांच्या गझलांत अमृतलाल, गोविंदलाल अशी मित्रांची नावे येतात. त्यांतील काही हिंदू मित्रांच्या रूपाचे वर्णन प्रियकराच्या शब्दांत आहे. सय्यद अबुल मआली हे नाव मात्र काव्याबाहेर, त्यांच्या चरित्रातही ठळकपणे येते. १७०० मध्ये वली दिल्लीला गेले, ते याच अबुल मआलींसोबत.

हे नाते केवळ मैत्रीचे होते की प्रेमाचे, यावर मतभेद आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे की, गझलेत प्रिय व्यक्तीचा उल्लेख पुल्लिंगी करण्याचा संकेतच आहे आणि सूफी परंपरेत मानवी सौंदर्य ही ईश्वरी सौंदर्याकडे नेणारी पायरी मानली जाते. हा युक्तिवाद मराठी वाचकाला परका वाटू नये. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत विरहिणी बोलते, तिथे कोणी कवीचे चरित्र शोधत नाही.

तथापि, काव्यसंकेताने सारेच उलगडत नाही. वलींनंतर सुमारे अर्धशतकाने कायम चांदपुरी यांनी लिहिलेल्या कविचरित्रात वलींचे मन अबुल मआलींवर जडले होते, असा स्पष्ट उल्लेख आहे. हा ग्रंथ गद्यात आहे आणि तेथे रूपकाचे कारण नाही. कायम हे प्रत्यक्ष साक्षीदार नव्हते. पण त्यांनी ही गोष्ट लपवली नाही की तिचा निषेधही केला नाही. आजची लेबले त्या काळाला लावणे जितके अनुचित, तितकेच ही नोंद अध्यात्माच्या नावाखाली पुसून टाकणेही अनुचित. त्या समाजाला मैत्री, भक्ती आणि प्रीती यांच्यात आजच्याइतकी काटेकोर सीमारेषा आखण्याची निकड वाटली नसावी.

दिल्लीच्या त्या प्रवासाने साहित्यालाही वळण दिले. फारसीच्या अभिमानात वावरणाऱ्या राजधानीला लोकभाषेतही उच्च प्रतीची गझल लिहिता येते, याचा प्रत्यय वलींनी दिला. १७२० च्या सुमारास त्यांचा दीवान दिल्लीत पोहोचला आणि तिथले तरुण कवी त्यांच्या वाटेने लिहू लागले.

तोपर्यंत वली हयात नव्हते. १७०७ मध्ये अहमदाबादेत त्यांचे निधन झाले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तेथील त्यांची मजार २००२ च्या दंगलीत उद्ध्वस्त करण्यात आली आणि त्या जागेवरून डांबरी रस्ता गेला. कबरीची खूण मिटली. अबुल मआलींचे नाव मात्र वलींच्या दीवानात आजही वाचता येते.