'वंदे मातरम्'साठी नेहरूंपर्यंत गेलेले मास्तर कृष्णराव कोण होते?

राष्ट्रगीताची निवड होत असताना 'वंदे मातरम्'वर मोठा आक्षेप होता तो चालीचा. हे गीत बँडवर वाजत नाही आणि समूहाला एका सुरात गाता येत नाही, असे म्हटले जात होते. तो आक्षेप खोडून काढायला पुण्याचा एक गवई दिल्लीला गेला. त्यांचे नाव मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर.

आळंदी ते गंधर्व मंडळी

२० जानेवारी १८९८ रोजी देवाची आळंदी येथे त्यांचा जन्म झाला. बालनट म्हणून ते रंगभूमीवर आले आणि 'संत सखू'च्या भूमिकेत गाजले. भास्करबुवा बखले यांनी त्यांना शिष्य केले. बुवांकडे ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या होती. १९२२ मध्ये बुवा गेल्यानंतर गंधर्व नाटक मंडळीतील नाटकांना चाली देण्याची जबाबदारी कृष्णरावांनी पेलली. 'कान्होपात्रा' (१९३१) हे त्यातले ठळक नाटक.

पडद्यावर 'प्रभात'ची गाणी

'धर्मात्मा' (१९३५), 'अमरज्योती' (१९३६), 'गोपाळकृष्ण' (१९३८), 'माणूस' (१९३९) आणि 'शेजारी' (१९४१) या प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांचे संगीत त्यांचे. रागदारीचा पाया न सोडता सामान्य माणसाला गुणगुणता येईल अशी चाल बांधणे, ही त्यांची हातोटी होती. नाट्यनिकेतनच्या 'कुलवधू' (१९४२) नाटकातही ती दिसली.

रेडिओवर बहिष्कार

१९३०च्या दशकात मुंबई आकाशवाणीवर थेट कार्यक्रमात त्यांनी 'वंदे मातरम्' गायला सुरुवात करताच प्रक्षेपण बंद करण्यात आले. त्यानंतर त्यांनी रेडिओवर गाणेच सोडले. गवयासाठी रेडिओ म्हणजे प्रसिद्धी आणि मानधन. दोन्हींवर त्यांनी पाणी सोडले. देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास वातावरण बदलले, तेव्हाच ते पुन्हा मायक्रोफोनसमोर आले.

बँडचा प्रश्न कसा सोडवला?

१९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी 'जन गण मन'ची धून वाद्यवृंदावर वाजली आणि पसंत पडली. पंतप्रधान पंडित नेहरूंचा कल तिकडे होता. लष्करी बँडला ठरावीक ठेका आणि सरळ स्वर लागतात. मींड, मुरक्या तिथे चालत नाहीत. कृष्णरावांनी झिंझोटी रागात सोपी चाल बांधली, मुंबईत बँडवर ती बसवून घेतली आणि दिल्लीत नेहरू व संविधान सभेच्या सदस्यांसमोर प्रात्यक्षिके दिली.

निकाल काय लागला?

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी संविधान सभेत निर्णय जाहीर केला. 'जन गण मन' राष्ट्रगीत झाले आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्या बरोबरीचा मान मिळाला. कृष्णरावांची मुख्य मागणी मान्य झाली नाही. मात्र चालीचा आक्षेप टिकणारा नाही, हे त्यांनी सर्वांसमोर वाजवून दाखवले होते.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेला चाल दिली. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.