शाहीर अनंत फंदी

नाशिकहून पुण्यास जाताना वाटेत संगमनेर लागते. याच गावी इ. स. १७४४ मध्ये घोलप नावाच्या ब्राह्मण कुळात अनंताचा जन्म झाला. मलिक फंदी नामक फकिराशी त्याचा स्नेह जडला व त्यावरून लोक त्यासही फंदी म्हणू लागले, असे सांगतात.

अनंत फंदींची वाणी रसाळ व बुद्धी शीघ्र होती. डफ-तुणतुण्याच्या साथीवर ते तमाशाच्या फडात लावण्या गात व त्यांची कीर्ती दूरवर पसरली होती. अशा वाणीचा व्यय केवळ रंजनापायी होत आहे, हे पाहून अहिल्याबाई होळकरांनी त्यांस बोध केला, अशी आख्यायिका आहे. गाजता फड सोडणे कोणाही गायकास सोपे नसते. त्यात लौकिक जातो आणि पोटाचा प्रश्नही उभा राहतो. तथापि फंदी कीर्तनाकडे वळले.

मात्र लोकांची भाषा त्यांनी टाकली नाही. फडातला ठसका उपदेशात आणून त्यांनी फटका हा काव्यप्रकार लोकप्रिय केला. आडवाट धरू नये, संसारात राहून नीतीने वागावे, हे त्यांनी शेतकऱ्यासही सहज कळेल अशा शब्दांत सांगितले. १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईवर त्यांनी पोवाडा रचला आणि त्याच वर्षी निधन पावलेल्या सवाई माधवरावांवर शोककाव्यही लिहिले. १८१९ मध्ये ते वारले.

संगमनेर ज्या जिल्ह्यात आहे, त्यास २०२४ मध्ये अहिल्यानगर हे नाव मिळाले. विद्यार्थी मित्रहो, गुण पुष्कळांपाशी असतात. हितवचन ऐकून त्यांस योग्य वळण लावणारा मात्र विरळा.