डॉ. होमी भाभा : अणुशक्तीला सावधगिरीची जोड

भारतीय अणुविज्ञानाचे शिल्पकार म्हणून डॉ. होमी जहांगीर भाभा सर्वपरिचित आहेत. अणुभट्टीजवळ काम करणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेचा त्यांनी धरलेला आग्रह मात्र तितकासा परिचित नाही.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सुसंस्कृत पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अभियांत्रिकी शिकण्यासाठी केंब्रिजला गेलेले भाभा तेथे भौतिकशास्त्राकडे वळले आणि विश्वकिरणांवरील संशोधनाने जगन्मान्य झाले. १९३९ मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले असताना महायुद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. मुंबईजवळ ट्रॉम्बे येथे १९५६ मध्ये ‘अप्सरा’ आणि १९६० मध्ये ‘सायरस’ या अणुभट्ट्या कार्यान्वित झाल्या.

‘सायरस’ सुरू होण्यापूर्वीच, फेब्रुवारी १९६० मध्ये, भाभांनी एक आदेश काढला. किरणोत्सारी पदार्थ हाताळताना कोणालाही इजा होता कामा नये आणि देशातील इतर संस्थांनी अनुकरण करावे असा आदर्श ट्रॉम्बेने घालून द्यावा, हा त्याचा आशय होता.

हे काम सोपे नव्हते. कर्मचाऱ्याच्या छातीवरील बिल्ला बाहेरून पडणारे किरण नोंदवतो. श्वासावाटे किंवा पाण्यावाटे शरीरात शिरलेले सारेच द्रव्य त्याला कळत नाही. त्याचा माग लघवीच्या तपासणीतून काढावा लागतो. जड पाण्याच्या भट्टीत तयार होणाऱ्या ट्रिटियमचे किरण कातडीही भेदू शकत नाहीत. मात्र लघवीच्या थोड्याशा नमुन्यात विशिष्ट द्रव मिसळून उमटणारे प्रकाशकण मोजले की काही मिनिटांत त्याचे प्रमाण समजते. प्लुटोनियम अधिक चिवट. ते हाडांत व यकृतात साठते, लघवीत अत्यल्प उतरते. त्यासाठी दिवसभराची लघवी गोळा करून रासायनिक पृथक्करण व दीर्घकाळ मोजणी करावी लागते. अपघाताच्या वेळी उपचार तातडीने सुरू करायचे असतात. म्हणूनच या चाचणीचा वेळ कमी करणे हे जगभरच्या प्रयोगशाळांचे उद्दिष्ट राहिले आहे.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. पुढल्याच वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

त्यांच्या वारशाला दुसरी बाजूही आहे. त्यांच्याच कारकिर्दीतील १९६२ च्या कायद्याने अणुऊर्जेच्या कारभाराभोवती गोपनीयतेचे कुंपण उभे केले. सुरक्षेवर देखरेख करणारे नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले. तेही अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी ठेवल्याने त्याच्या स्वायत्ततेवर वारंवार प्रश्न उपस्थित झाले.

नोव्हेंबर २००९ मध्ये कारवारजवळील कैगा प्रकल्पात पिण्याच्या पाण्यात ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेल्याचे उघड झाले. त्याचा पहिला सुगावा लागला तो कर्मचाऱ्यांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीतून. भाभांनी आग्रह धरलेली शिस्त त्या दिवशी उपयोगी पडली. ती शिस्त टिकवणे आणि तपासणीचा निष्कर्ष संबंधित कामगारापर्यंत विनाविलंब पोहोचवणे, हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.