क्लॉड शॅनन : गोंगाटातही निरोप बिनचूक पोहोचवणारे गणितज्ञ

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत आपलं माणूस गर्दीत हरवलं तर आपण काय करतो? फोन लावतो, हळू बोलतो आणि ठिकाणाचं नाव दोनदा सांगतो. खरखर असली तरी निरोप पोहोचतो. हीच गोष्ट गणिताने सिद्ध करणाऱ्या क्लॉड शॅनन यांची आज ओळख करून घेऊया.

शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यात झाला. गेलॉर्ड या छोट्या गावात ते वाढले. त्यांची आई शिक्षिका होती. लहानपणी त्यांनी काटेरी तारेच्या कुंपणाचाच वापर करून अर्ध्या मैलावरच्या मित्राच्या घरापर्यंत तारयंत्र जोडलं होतं!

१९४१ मध्ये ते बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत रुजू झाले. तेव्हा अडचण अशी होती, की लांबच्या तारेत सिग्नल क्षीण व्हायचा. तो वाढवला की सोबत खरखरही वाढायची. १९४८ मध्ये शॅनन यांनी दाखवून दिलं, की प्रत्येक मार्गाची एक ठराविक क्षमता असते. वेग तिच्या आत ठेवला आणि ० व १ च्या माहितीला योग्य जादा अंक जोडले, तर चुका हव्या तेवढ्या कमी करता येतात.

हे अंक जोडायचे कसे? त्यांचे सहकारी रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये एक सोपी रीत मांडली. माहितीच्या ४ अंकांना तपासणीचे ३ अंक जोडायचे. सातपैकी एक अंक बिघडला, तर नेमका कोणता ते कळतं आणि तो दुरुस्त करता येतो.

आजचा मोबाइल हेच करतो. रेंज चांगली असेल तर माहिती वेगात जाते. रेंज कमी झाली की वेग कमी होतो, तपासणीचे अंक वाढतात. तरीही तुकडा बिघडला, तर तो पुन्हा मागवला जातो. म्हणून फोटो उशिरा येतो, पण नीट येतो.

शेवटच्या वर्षांत शॅनन यांना अल्झायमर झाला. जगाची माहिती जपणाऱ्या माणसाची स्वतःचीच स्मृती हरवली. २४ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांचं निधन झालं.

मित्रांनो, वर्गात कुणाला गणित समजलं नाही, तर त्याच्यावर हसू नका. थोडं हळू, पुन्हा एकदा सांगा. नक्की पोहोचेल.