पांढरं लेबल

टी-शर्ट घेताना आपण लेबलवर साइज नि किंमत बघतो. फ्लॉरेन्स केली या अमेरिकन बाईंना तिथं आणखी काही हवं होतं. जन्म १८५९, फिलाडेल्फिया. १८९३ मध्ये त्या इलिनॉय राज्याच्या मुख्य फॅक्टरी इन्स्पेक्टर झाल्या. पुढे गव्हर्नर बदलला आणि पद गेलं. १८९९ पासून नॅशनल कन्झ्युमर्स लीगतर्फे त्यांनी गिऱ्हाइकांनाच हाताशी धरलं. बायका-मुलांचे आतले कपडे पांढरं लेबल बघूनच घ्यायचे! लेबल कुणाला? कायदा पाळणाऱ्या, ओव्हरटाइम न करवणाऱ्या, सोळा वर्षांखालची मुलं न ठेवणाऱ्या कारखान्याला. शिवाय सगळा माल तिथंच शिवायचा. ही अट मला सॉलिड वाटते, कारण घरोघरी दिलेलं काम तपासणार कोण? लेबल १९१८ मध्ये बंद झालं. केलीबाई मात्र १९३२ मध्ये जाईपर्यंत लीगचं काम बघत होत्या.